रॅममधला साखरपुडा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
पुढच्या रविवारी धाकट्या बहिणीचा, सोनमचा साखरपुडा. फोटोग्राफर सांगायचा नाही, ठणकावून सांगितलं. घरात आयटीचा माणूस असताना बाहेरचा कशाला? (बारामतीत कॉम्प्युटर क्लास घेतो. आयटीच ते.) सोनम फोन घेऊन अंगणात गेली. पटलं असावं.

५ नोव्हेंबर
आपल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क म्हणजे रडतराव. मोरगावला काढलेला शेळीचा एक फोटो 'फोटो' फोल्डरमध्ये दोनशे वेळा कॉपी करून वेग मोजला. बावीस मिनिटं! उपाय: लिनक्सवर रॅम डिस्क. मेमरीचाच तुकडा डिस्क म्हणून वापरायचा. वेग तुफान, लाईट गेली की मात्र आतलं सगळं साफ. म्हणून बॅकअपची स्क्रिप्ट. आजच लिहिणार.

६ नोव्हेंबर
उद्या.

८ नोव्हेंबर
झाली! रॅम डिस्क बाइंड माउंटनं 'फोटो' फोल्डरवरच बसवली. आता 'फोटो' उघडलं की रॅम दिसते, डिस्कवरचं जुनं फोल्डर खाली झाकलेलं. दर पंधरा मिनिटांनी रॅममधलं सगळं 'फोटो'मध्ये कॉपी. बारामतीत असं कुणी केलं नसेल.

९ नोव्हेंबर
साखरपुडा. फोटो ८१२. नवऱ्यामुलाच्या आजी झुंबरबाई इंदापूरलाच राहिल्या, पाय मोडलाय. नातवाचं काहीच बघायला मिळालं न्हाय म्हणून फोनवर रडल्या. शब्द दिला: रविवारी येऊन टीव्हीवर सगळे दाखवतो.

१० नोव्हेंबर
कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो रॅममध्ये. स्क्रिप्ट सारखी कुरकुरतेय, दोन्ही फाइल एकच आहेत म्हणून. अगं बाई, बॅकअप म्हणजे एकच असणार! तिचं तोंड बंद केलं. कार्ड फॉरमॅट करून कोरं. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ नोव्हेंबर
उसात रानडुकरं शिरतायत. वडलांना, तात्यांना, कुंपणात करंट सोडणाऱ्या झटका मशीनला माझ्या कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी हवी. तुझं काय अडायचं न्हाय न्हवं, विचारत होते. म्हटलं, खुशाल न्या, माझी स्क्रिप्ट आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
स. ९.१०. लाईट गेली. लाइन दुरुस्तीला दर गुरुवारी जाते. आमचं अख्खं जळोची गाव बुधवारीच दळण उरकतं.
दु. ४. आली. 'फोटो' उघडलं. दोनशे शेळ्या.
४.४०. कळलं. रॅममधलं रॅममध्येच कॉपी होत होतं. ह्या खिशातलं काढून ह्याच खिशात. बाई खरं बोलत होती. मी गाढव.

१४ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. झुंबरबाईंचा फोन. फोटो बघायला नवा चष्मा केलाय म्हणाल्या. मोरीत जाऊन रडलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
इंदापूरच्या बसमध्ये सोनमला सगळं कबूल केलं. तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. साखरपुड्याच्या रात्री मी झोपल्यावर कार्डातलं सगळं कॉपी करून ठेवलं होतं. माझ्यावर भरवसा नव्हता का, विचारलं. म्हणाली, तुला पुरता ओळखते म्हणून तर केलं, दादा.
झुंबरबाईंनी ८१२च्या ८१२ बघितले, हरखल्या. नातवाचं डोकं निम्म्या फोटोंत का न्हाय, एवढंच विचारलं.
एक मात्र आहे, घरात बॅकअपचं वळण मीच लावलं.
लग्नाचा फोटोग्राफर सोनमनं दोन तारखेलाच ठरवलाय. माझ्याकडं पंगतीत पाणी वाढायचं काम.