आठ दिवसांत बोलावणं

३ मार्च
मुलाला मुलगी झाली. देवाची कृपा. सूनबाईंना आई नाही आणि आमच्या चिरंजीवांना अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत. आठ दिवसांत मला राहायला बोलावणं येणार. बॅग भरून ठेवली. आपणहून जायचं नाही, असं देवासमोर ठरवलं.

६ मार्च
फोन नाही. रेंज नसेल. चिरंजीवांचे लहानपणीचे स्वेटर काढून धुतले. नव्यांवर खर्च कशाला? त्यातल्या दोनांना कसर लागली आहे. तेवढेच हवेशीर.

१० मार्च
फोन आला. सगळं छान चाललंय म्हणे. म्हणजे हाल चाललेत. मूल वाढवणं पोरखेळ नाही, मी एक वाढवलंय, असं ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, वाढवलं माझ्या आईने, तू स्वयंपाक केलास. ह्यांची स्मरणशक्ती हल्ली अधू झाली आहे. सासूबाई (देव त्यांना शांती देवो) फक्त आंघोळ घालायच्या. झोपवायच्या. भरवायच्याही. बाकीचं सगळं मीच.

१४ मार्च
आपणहून गेले. ठराव राहायला जाण्याबद्दल होता, भेटीबद्दल नव्हता.
चिरंजीव कोपर बुडवून आंघोळीचं पाणी बघत होते. मी मदतीला वाकले, तर आधी हात धुऊन ये म्हणाले. स्वेटर पिशवीतच राहिले.

दुपारी सूनबाई झोपल्या आणि बाळ रडायला लागलं. मांडीवर घेतलं, थोपटलं, जप केला. जास्तच रडलं. चिरंजीवांनी उचलून घेतलं आणि बाळाच्या भुवईवरून अंगठा फिरवत राहिले. बाळ गप्प.
कुठे शिकलास, विचारलं.
"तूच झोपवायचीस ना असं? चेहरा नाही आठवत, पण अंगठा आठवतो."
तो अंगठा सासूबाईंचा. मी भिंतीपलीकडे भांडी घासत असायचे.
"हो," म्हटलं.
"मग घे, तूच कर. तुझ्या हाताने लवकर झोपेल."
गॅसवर दूध आहे म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं.

१५ मार्च
बॅग तशीच ठेवली आहे. सराव हवा, एवढंच. जेवणानंतर हे खुर्चीत डुलकी घेत होते, त्यांच्या भुवईवर अंगठा फिरवून पाहिला.
डोळे न उघडताच म्हणाले, "आई हळू फिरवायची."