निघालेल्या माणसाला विचारायचं नाही

अप्पा, तुमची नात परत निघालीय. तुम्ही तिला बघितलं नाही, तिनं तुम्हाला बघितलं नाही. ती जन्मायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. सोळा वर्षांची झालीय आता. कलबुर्गीत वाढली, कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते, आणि मी रागावले की अव्वासारखी, तिच्या आजीसारखी, कमरेवर हात ठेवून उभी राहते. सेवेची कामं करणाऱ्या पोरापोरींचा एक गट आहे, त्यांच्यासंग ती दुसऱ्या देशात जाते. कुठं पूर येतो, कुठं डोंगर खचतो, तिथं जाऊन ही पोरं दगडमाती उचलतात, पाइप टाकतात. या खेपेला आईबापांना सोबत नेणार नाहीत. मागच्या खेपेला मी गेले होते. त्या खेपेचं तुम्हाला सांगायला बसलेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील बाईचं डोकं फिरलंय. आणि त्यात तुमचा हात आहे, म्हणून ऐकावं लागेल तर तुम्हालाच.

कमलनगरच्या घरातली सकाळ. तुम्ही कपाळाला विभूती लावलीय, गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत सारलंय, बाहेर जीप उभी आहे. चिंताकीची, औरादची सवारी स्टँडवर थांबलेली असणार. अव्वा चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही उंबऱ्यापाशी चपला घालता आणि मी विचारते, "अप्पा, कुठं निघालाव?" झालं! चपला काढायच्या, परत आत यायचं, भिंतीला टेकून बसायचं. अव्वा हातातलं पीठ झटकून तांब्या देते, तुम्ही दोन घोट पिता, आणि मग नव्यानं निघता. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारलं की काम फिसकटतं, वाटेत घात होतो, असं आपल्याकडं सगळेच मानतात. पण तुमच्याइतकं कुणी पाळत नव्हतं. ड्रायव्हर माणूस. मला ते कळलं तशी मी मुद्दाम विचारायला लागले, कारण तुम्ही परत आत येऊन बसायचात, तेवढे माझ्या वाट्याला यायचात. एका सकाळी मी लागोपाठ दोनदा विचारलं. एकदा तुम्ही बसून, पाणी पिऊन उठलात, आणि मी दात काढत पुन्हा म्हटलं, कुठं? तुम्ही मारलं नाही. माझ्यापुढं उकिडवे बसलात आणि म्हणालात, "माय, ह्या गाडीत लोकांची लेकरं बसत्यात. त्यांचा जीव माझ्या हातात हाय. त्याचा खेळ करायलीस व्हय गं?" आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. चढवला असता तर मी दुपारपर्यंत विसरून गेले असते.

तेव्हापासून दारातून निघालेल्या माणसाला मी कुठं म्हणून विचारलं नाही. सासऱ्यांना नाही, नवऱ्याला नाही. लग्न झाल्यावर वर्षभर नवरा म्हणायचा, ह्या बाईला माझं काही पडलेलंच नाही, मी विहिरीत जायलोय का बाजारात, हिला सारखंच. मग त्याला सवय झाली. त्याचं घर आळंदचं. त्यांच्यातही हे मानतात, पण विचारून टाकतात आणि वर हसतात. मी आपली "या" म्हणते. लेक निघाली की "ये" म्हणते. माझ्या हिशेबी त्या एका शब्दात सगळं आलं. माझ्या हिशेबी.

आम्ही गेलो ते नेपाळात. नवरा म्हणाला, "परदेश म्हणं परदेश! पासपोर्ट बी लागंना, असला कसला परदेश?" पण अप्पा, तो परदेशच होता. आपल्याकडं नजर टाकली तर तुरीच्या रानापलीकडं आभाळ टेकलेलं दिसतं. तिथं मान वर केली तरी डोंगर संपत नाही. पावसानं एका गावाची शाळा अर्धी वाहून गेली होती आणि पाण्याची पाइपलाइन तुटली होती. पोरं शाळेचे दगड उचलायची, आम्ही सोबत आलेली मोठी माणसं स्वयंपाक करायचो. माझी दखनी हिंदी ऐकून तिथल्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. मी "हौ" म्हटलं की त्याही "हौ" म्हणायच्या. मी नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी त्यांनी शेंगाच्या चटणीसंग खाल्ल्या आणि मला गावातलीच करून टाकलं. मी खूश होते. लेक नव्हती. कारण एका दुपारी मी सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावरची दगडांची पाटी उतरवून घेतली. मान केवढीशी, आणि पाटी केवढी! ती रागानं लालभडक झाली. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मम्मी, तू कामून आलीस? काम कराया आलीस का माझ्यावर नजर ठेवाया?" मी म्हटलं, "दोन्हीला." हे म्हणायला नको होतं, पण जीभ माझी, ती कुठं ऐकते. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. सकाळी मी कणीक मळत होते आणि ती स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आली. पाठीला पिशवी, संग तिथलीच तिच्या वयाची एक मुलगी. दोघी कुठंतरी निघाल्या होत्या. बाकी कॅम्प अजून चहा पीत होता, त्यांना कुणी बघितलं नाही, मी एकटीनं बघितलं. लेक दारात वाकली, बुटाची नाडी बांधली. सोडली, परत बांधली. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, अप्पा. अगदी दातांपर्यंत. डोंगर परका, वाट परकी, पोर माझी. पण निघालेली पोर. मी गिळलं आणि म्हटलं, "ये." ती माझ्याकडं बघत राहिली जरा वेळ. मग गेली.

दुपारी पाऊस आला. पाऊस कसला, वरून कुणी पाण्याच्या घागरी उलथ्या करत होतं. मग डोंगरातून आवाज आला आणि तिथली माणसं हातातली कामं टाकून उभी राहिली, त्यावरून मला कळलं की हा आवाज काय असतो. पोरं मोजली गेली. माझी नव्हती. गटाचा म्होरक्या बेंगळूरचा तरुण पोरगा, माझ्याशी कन्नडात बोलायचा, मला अक्का म्हणायचा. तो धावत आला. अक्का, ती कुठं गेली? मी म्हटलं, ठाऊक नाही. तुम्हाला सांगून गेली नाही? दारात आली होती, म्हटलं. मग तुम्ही विचारलं नाही, कुठं? ती संगतची मुलगी लांबून कामाला यायची, तिचं घर कुठल्या वाडीत, हे ना कॅम्पात कुणाला ठाऊक होतं, ना गावात. कामाला येणाऱ्यांची नावं लिहून घेणाऱ्या बाईंना ठाऊक होतं, पण त्या खाली शहरात गेलेल्या आणि फोन बंद पडलेले. गावातून तीन वाटा निघत होत्या. एक खाली नदीला, एक वर डोंगरधारेला, एक झुलत्या पुलावरून पलीकडं. गावातली माणसं दोर घेऊन उभी राहिली. ती थोडी होती, तिन्ही वाटांना पुरणार नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "हमारे में जानेवाले कू कहाँ बोलके नै पूछते." एक म्हातारी माझ्याकडं अशी बघायला लागली की मी आई नसून कुणी भलतीच आहे. मी दोन्ही हात जोडले आणि परत तेच म्हटलं, नै पूछते, नै पूछते.

मग ती माणसं म्हणाली, आई तुम्हीच सांगा, कुठल्या वाटेला आधी जावं. मी वर बोट दाखवलं. कामून दाखवलं, आजही सांगता येत नाही. कुठलं तरी दाखवायचं होतं. ती माणसं माझ्या बोटावर विश्वास ठेवून त्या निसरड्या धारेवर चढली आणि अंधार पडायच्या आत रिकामी परत आली. एकाचा गुडघा फुटला होता. त्याच्या बायकोनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मला चहा दिला.

मी मागल्या अंगाला गेले, लाकडं रचली होती तिथं. आणि तुम्हाला शिव्या दिल्या. देवाचं नाव नाही घेतलं, बसवण्णाला हाक नाही मारली, तुम्हाला धरलं. मोठ्यानं, कन्नडात, म्हणजे कुणाला कळू नये. मुडद्या, म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप लावून गेलास आणि किल्ली कुठं टाकलीस? अहोजाहोसुद्धा राहिलं नाही. सगळं सगळं म्हटलं. कुणाला कळू नये म्हणून कन्नडात, आणि मागं तो बेंगळूरचा पोरगा उभा! एकूण एक शब्द कळला असणार त्याला. खाली मान घालून निघून गेला. त्या शिव्या मी माघारी घेत नाही, अप्पा. त्या वेळी तेवढाच आधार होता. देवाला बोलायला भीती वाटत होती, तुम्हाला नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती आली. पुलापलीकडून. तिसऱ्या वाटेवरून, जिकडं कुणी गेलंच नव्हतं. त्या मुलीचा काका संग होता. पायापासून केसापर्यंत चिखल, हाताची नखं तुटलेली. त्या मुलीची आजी आजारी होती म्हणून दोघी औषध द्यायला गेल्या होत्या. वाडीतली दोन घरं खचली. लेकीनं वाडीतल्या माणसांबरोबर माती उपसली, एका म्हातारीला गोठ्यातून ओढून काढलं, पूल बंद होता म्हणून लेकरांना घेऊन रात्रभर बसून राहिली. सगळे तिला शाबासकी द्यायला लागले. मी तिला एक मुस्काटात दिली आणि मग अशी मिठी मारली की दोघी चिखलात बसलो. ती रडत नव्हती. माझ्या कानाशी म्हणाली, "तू इचारलंसच न्हाई. मी दारात थांबले होते, मम्मी. नाडी सोडून परत बांधली. तू नुसतं कुठं म्हणली असतीस तर सांगितलं असतं. नको जाऊ म्हणली असतीस तर थांबले असते. मला वाटलं, जाऊ दे, हिला काय."

हिला काय! नवरा वर्षभर म्हणत होता तेच, पण त्याच्या बोलण्यानं मला कधी असं मेल्यासारखं झालं नाही.

परतीच्या गाडीत मी तिला सांगून बघितलं. आपल्यात विचारत नाहीत, तुझ्या अज्जांनी शिकवलं होतं, वाटेत घात होऊ नये म्हणून. ती खिडकीला डोकं टेकून ऐकत होती. हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. मग म्हणाली, "मग अज्जा गेले त्या दिवशी त्यांना कोण इचारलं होतं?"

कुणीच नाही. त्या दिवशीही तुम्ही विभूती लावली, चपला घातल्या, मी बाजेवर बसून केस विंचरत होते, अव्वा आत होती. कुणी तोंड उघडलं नाही. सगळं नीट पाळलं. आणि औरादच्या वाटेवर जीप कडेला लावून तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकलंत ते टेकलंत. सवारीतल्या माणसांना वाटलं, अप्पा जरा डुलकी घेत्यात. मी तिला खरं तेच सांगितलं, कुणीच विचारलं नव्हतं म्हणून. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. विचारलं असतं तर तुम्ही कुरकुरत आत आला असतात, भिंतीला टेकून बसला असतात. वाचला असतात असं मी म्हणत नाही. तेवढा वेळ घरात असतात.

आता ती परवा निघणार आहे. समुद्रापलीकडं, या खेपेला पासपोर्ट लागणारा देश. कपडे भरून झालेत. ती माझ्याशी नीट बोलते, भाकरी मागते, डोक्याला तेल लावून घेते, पण क्लासला निघते तेव्हा दारात थांबत नाही, सरळ जाते. परवा मात्र थांबेल, मला माहीत आहे. आई आहे मी, एवढं कळतं. देश कुठला, गाव कुठलं, सगळं तिनं मला आधीच सांगितलंय, तरी ती थांबेल आणि माझ्या तोंडाकडं बघेल.

ती क्लासला गेली की मी घरात एकटी म्हणून बघते. कुठं निघालीस माय? भिंतीला म्हणते, गॅसच्या शेगडीला म्हणते. येतं तोंडातून, स्वच्छ येतं. हा कागद कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच, म्हणून तुम्हाला खरं सांगते. काल ती दुकानाला निघाली, कोपऱ्यावरच्या, कोथिंबीर आणायला. म्हटलं, इथं तरी म्हणून बघू. आणि अप्पा, मी "ये" म्हटलं.