आलं की आणलं?

प्रिय चिमे,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार दिवस लावले, रागावून झालं असेल तर पुढे वाच. रोज लिहायला बसायचो. एकदा पेन संपलं, एकदा शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली ती बघायला गेलो, तिथेच जेवलो. खरं म्हणजे काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तू विचारलंस, दादा, किटलीच्या मुठीचा आकार मी एआयकडून घेतला, मग प्रदर्शनात तिच्याखाली माझं नाव कुठल्या तोंडाने लावू? दहावीत आपटलेल्या माणसाला असलं विचारतात का गं?

पण योग बघ, सध्या मीही एका डिझाइन कॉलेजात आहे. शिकायला नव्हे, खिळे ठोकायला. इथेही मुलांचं प्रदर्शन लागतंय. भिंती रंगवायच्या, टेबलं मांडायची, प्रत्येक वस्तूशेजारी नावाचं कार्ड चिकटवायचं. पोरं मला 'खिळेसर' म्हणतात. जन्मात पहिल्यांदा कोणी सर म्हटलं, तेही असं!

काल एका उंच पोराची खुर्ची आली. देखणी, एआयनेच सुचवलेली. कार्डावर स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात की खुर्चीआधी कार्डच दिसायचं. त्यांच्या मॅडमनी मागच्या वाकड्या पायावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा असा का? तो म्हणाला, तो तसाच आला, मॅडम, सगळंच तसं आलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आलं, की आणलंस?" मला वाटलं चहातल्या आल्याचं चाललंय. म्हटलं, "मॅडम, कॅन्टीनमधून आणू का?" सगळा हॉल हसला. तो पोरगा तेवढा हसला नाही. कार्ड काढून खिशात घातलं आणि जमिनीवर बसून त्या पायाकडे बघत राहिला. दुपारी बघतो तर पठ्ठ्या तो पाय कापून दुसरा बसवतोय. मला म्हणाला, "खिळेसर, धरा जरा. आता कोसळली तरी माझी कोसळेल." खुर्ची जराशी डुगडुगते अजून. पण कार्ड परत लागलंय, अक्षर लहान झालंय.

मला मागच्या खेपेला घरी आलो होतो तेव्हाची सकाळ आठवली. तू पुठ्ठ्याच्या मुठी करकरून आईच्या हातात देत होतीस. एकेक अशी की दुकानात मांडावी. पण आईचा अंगठा वाकत नाही, ती किटली मनगटातून कलंडवते, हे तुला दिसत होतं, म्हणून तू आपली नको, हीपण नको, करत बसलीस. शेवटी आई वैतागली, "अगं, एवढ्यात चार पाहुणे चहा पिऊन गेले असते!" ते फुगीर वळण तुला सुचलं नव्हतं, मान्य. ते एआयने दिलं. पण त्या ढिगातून उचललंस तू, आणि आईचा अंगठा नीट टेकेपर्यंत घासत बसलीस तू. माझं ऐकशील तर नाव लाव, आणि खाली एआयचंही लिही. मदत घेतल्याची लाज नाही, लपवल्याची असते.

आता खरं सांगतो. परवा आईचा फोन आला. नावाचं राहू दे, तू कोर्सच सोडायचा म्हणतेयस, आणि वर तिला म्हणालीस, दादासारखी फिरेन मजेत. हे ऐकून माझी छाती फुगायला हवी होती, मी मात्र हातोडा ठेवून पायरीवर बसलो. चिमे, कुठल्याच कामाला 'हे माझं' म्हणवलं नाही म्हणून मी फिरतो. तुला म्हणता येतंय, नुसती भीती वाटतेय. घरात एक भटक्या पुरे गं. हेच सांगायला बसलो होतो, बाकी सगळा फापटपसारा. थांब, खाली कोणीतरी टॅक्सीवाल्याला झापतंय. हा आवाज तर... खिडकीतून बघितलं. अगं, तूच की! न कळवता? हातात एवढीशी पिशवी; कायमचं निघालेलं माणूस एवढ्यावर निघत नाही. जिना चढतेयस, दार उघडतो. आधी हे वाच, मग भांडू.

तुझाच,
दादा