लाल दोऱ्याची लीक

मी, खाली सही करणारी, लोकांचे कपडे शिवून निवृत्त झालेली विधवा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. घरात माझं कोणी ऐकत नाही, त्यामुळे मीही कोणाचं ऐकून लिहिलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा व मुलगी यांना समसमान. छप्पर गळतं, तेही समसमान.

२. शिलाई मशीन मुलीला. त्यावर फुलदाणी ठेवू नये. मोठी कात्रीही तिलाच. मुलाने त्या कात्रीने तार कापली आहे.

३. परसातल्या वाफ्यातली लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. मुलगा अजून तिला पातीचा कांदाच म्हणतो. रोपं पेन्सिलीएवढी झाली की खोल भोकात सोडून नुसतं पाणी घालायचं, माती आपोआप बसते, हे सांगून माझा घसा बसला. शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर तरीही मदतीला येऊन भोकं दाबून बुजवतात. त्यांना वाफ्यापासून लांब ठेवावं. साक्षीदार म्हणून चालतील.

४. सगळ्यांत जाड लीकना मी लाल दोरा बांधते. त्या खायच्या नाहीत, पुढच्या हंगामात बी धरण्यासाठी ठेवायच्या. हे बी फार टिकत नाही, दरवर्षी पेरावं लागतं. आमच्या ह्यांनी आणलेलं वाण मी असंच जगवलं. यंदा मुलाने दोऱ्याच्याच लीक उपटून सूप केलं. म्हणे, "आई, चांगल्या दिसल्या म्हणून घेतल्या." कोपऱ्यातली एक तेवढी वाचली. ती गेली की वाण संपलं. सबब घर विकायचं झाल्यास तिचं बी हाती येईपर्यंत थांबावं.

५. ती लीक, तिचं बी आणि रोपांचे ट्रे सुनेला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने गवत समजून अख्खा ट्रे उपटला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून ती काडी काडी दाखवून विचारते, "आई, हे उपटू का?" माझे कान किटले आहेत. पण या घरात विचारणारी ती एकटीच आहे. बाकीच्यांना सगळं येतं.

६. इथवर लिहिलं आणि सून दारात आली. मी म्हटलं, "नको उपटूस." ती म्हणाली, "उपटत नाहीये आई. कोपऱ्यातल्या लीकचा दोरा सैल झालाय. पुन्हा बांधू का?"

आता सही करते.

सही: (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार: १. शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर (कलम ३ वाचून, नाराजीने) २. पोस्टातली मैत्रीण
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ७ मार्च