शेरिनेची पुढची पाळी

२ ऑक्टोबर, बुधवार
तलासच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला वही दिली. आज १५०/९०. बाकीचं पान कोरं कशाला सोडा, म्हणून लिहितो: वडिलांची शेरिने, ती पाळीपाळीची जेवणं, पुन्हा सुरू करायची. सात घरं होती. पिकं घरात आली की दर शुक्रवारी एकाकडे मेंढा कापायचा, बाकीचे सहा जेवायला. उठायच्या आधी कुणीतरी म्हणायचं, पुढची पाळी माझी. बर्फ पडेपर्यंत चालायचं. वडील मला जवळ बसवून घ्यायचे. तसं जेवण पुन्हा झालं नाही.
आता जुने मित्र तिघेच उरलेत. मी धरून चार. चार पुष्कळ झाले.
नोव्हेंबरात सूनबाई नुरझत मॉस्कोला माझ्या मुलाकडे राहायला जाते आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
पुढच्या शुक्रवारचे निरोप दिले. टोक्तोसूनने फोनवर नुसता अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे शब्दच. असानाकून म्हणाला, घेवडा झोडायचा आहे, बघू. त्याच्या तोंडून 'बघू' निघणं ही मोठी गोष्ट. शार्शेनला ऐकू येत नाही. त्याच्या दारात उभा राहून ओरडलो, जेवायला ये. तो म्हणाला, अरेरे, कोण गेलं? समजावलं. समजला नाही. पण येतो म्हणाला.

८ ऑक्टोबर, मंगळवार
ठरलं. मेजवानीचं बेशबर्माक मी स्वतः करणार. कणीक, शेवया, मांस बारीक चिरणं, सगळं. बायकांचा हात लागू द्यायचा नाही.
संध्याकाळी सराव केला. नुरझतने शेवया बघितल्या. म्हणाली, बाबा, हे पट्टे कुणाच्या कमरेला बांधायचे? मी हसलो नाही. १६०/९५.

१० ऑक्टोबर, गुरुवार
शेवया नुरझत करणार. देखरेख माझी.
मेंढा शेजाऱ्याने कापला. सुरी माझी होती.
हाडांचे वाटे वयाप्रमाणे लावून ठेवले. यजमान सोडून जो थोरला, त्याला डोकं. थोरला टोक्तोसून की असानाकून? सोपं आहे. विचारायचं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार
तिघेही आले! शार्शेन रुमाल घेऊन आलाय. जास्त लिहीत नाही, डोकं वाढायचंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार
काल एकंदरीत चांगलं झालं.
टोक्तोसून म्हणाला, डोकं इकडे, मी सत्तेचाळीस सालचा. असानाकून म्हणाला, सत्तेचाळीसचा तू कागदावर! पेन्शन लवकर मिळावी म्हणून दोन वर्षं चढवलीस, गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. टोक्तोसून म्हणाला, आणि तुझा जन्म कधीचा, तर मोठ्या बर्फातला! बर्फ दर वर्षी पडतो रे लेका. असानाकून म्हणाला, शाळेत तुझं नाक मी पुसायचो. शार्शेन मध्येच म्हणाला, फार भला माणूस होता हो, आणि डोळे पुसले.
रस्सा गार होत होता. चरबी थिजत चालली. मग मी कुऱ्हाड आणली आणि डोक्याचे दोन सारखे भाग केले. डोकं फोडून वाटत नाहीत, हे मला माहीत आहे. पण न्याय तो न्याय. दोघेही एकदम गप्प. न्यायाचा परिणाम.
मग टोक्तोसून म्हणाला, मला अर्धा माणूस ठरवलंस? असानाकून म्हणाला, एकट्याला नाही, दोघांना. दोघे एकमेकांचा हात धरून उठले. भांडण मिटलं, हे यश लहान नाही.
मी दार अडवून विचारलं, पुढची पाळी कुणाची? टोक्तोसून म्हणाला, घरात लग्न आहे. असानाकून म्हणाला, घेवडा. मी म्हटलं, झोडून झाल्यावर? म्हणाला, मग निवडायचा असतो. मी म्हटलं, निवडून झाल्यावर? म्हणाला, सरक रे बाबा, बूट घालू दे.
शार्शेनच्या कानात चार वेळा ओरडलो. त्याने माझा हात दाबला. म्हणाला, मयताच्या चाळिसाव्या दिवसालाही नक्की येईन.
१८५/११०. यंत्र जुनं आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
शांतपणे विचार केला. वडिलांच्या वेळी पाळी माणसांची नव्हती, घरांची होती. मग माझं मोठं घर हे एक घर. अंगणापलीकडचं उन्हाळी स्वयंपाकघर हे दुसरं; त्याला वेगळं दार आहे, वेगळी चूल आहे. कोठार धरलं तर तीन. म्हणजे शेरिने मोडलेली नाही. या शुक्रवारची पाळी उन्हाळी स्वयंपाकघराची.
नुरझतला सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, बाबा, मी येईन जेवायला. मी म्हटलं, तू चालणार नाहीस. ज्याला पुढे पाळी घेता येत नाही, त्याला बोलवायचं नाही, असा नियम आहे. एकदा नियम मोडला की काही उरत नाही.
ती बरं म्हणाली.
थोड्या वेळाने जाऊन विचारलं, किती वाजता येतेस?