पीळ बसायला वेळ लागतो

तीर्थरूप आईस,
दमलेल्या लेकीचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. तुझे टाके काढल्याचं दादाने कळवलं. डॉक्टर ‘छान भरलंय’ म्हणाले म्हणून लगेच बादल्या उचलायला लागू नकोस. वरची कातडी मिटली तरी आतलं काम बाकी असतं.

प्रयोगशाळेत दिवसभर मी तेच तर बघते. आमच्या काचेच्या बश्यांमध्ये वाढवलेल्या पेशी कोलॅजनच्या, म्हणजे कातडीला बळ देणाऱ्या प्रथिनाच्या, तीन-तीन तारा एकत्र वळतात आणि बाहेर सोडतात. त्यांचे जाड दोर जुळतात ते पेशीबाहेर. जखमेत आधी घाईघाईने कसंबसं ठिगळ लागतं, दोर बळकट व्हायला महिनोन्महिने जातात.

या पेशींचे लाड फार! त्यांना क जीवनसत्त्व सारखं ताजं घालावं लागतं, नाहीतर तारांचा पीळ टिकत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशीही मी इथे हजर. आमच्या मॅडम म्हणतात, “पोटच्या पोरांनाही कुणी इतकं भरवत नाही.”

जेवतेस का, म्हणून विचारलंस. जेवते गं. चहा-बिस्किटं असतात, कधी भात लावते. दात घासताना हिरड्यांतून जरा रक्त येतं, पण ब्रशच कडक असेल.

हे लिहिलं आणि हात थांबला. पेशींना रोज क जीवनसत्त्व भरवणाऱ्या बाईने घरात एक फळ आणून कितीतरी दिवस झाले. आता तू कपाळावर हात मारला असशील. मार.

मघाशीच खाली जाऊन संत्री आणली. ‘आई काही उचलत नाही’ म्हणून दादा तुझी बाजू घेतो, पण मी तुला ओळखते. ती बादली खाली ठेव, आई. मी संत्रं सोलते.

तुझीच,
धाकटी