मी समोर असले तरच बोलणारं यंत्र

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून, कंबर हल्ली लवकर सरळ होत नाही.) डोळ्याला आता कितपत दिसतं? भावोजी वेळेवर थेंब घालतात ना, की बातम्या संपायची वाट बघतात? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येऊन पोचते असं मी कबूल करून बसले आहे, आणि तू फोनवर "जमेल तसं ये गं" म्हणालीस तेव्हाच मला कळलं की तू घाबरली आहेस. लहानपणीही घाबरलीस की तू अशीच उदार व्हायचीस. पण ताई, सुट्टी मिळेना. का मिळेना ते लिहूनच कळवते, कारण फोनवर तू मध्येच "म्हणजे बिघडलंय तरी काय?" असं विचारशील, आणि तेच तर कुणाला माहीत नाही.

आमच्याकडे दोर आणि पट्टे तपासतात हे तुला ठाऊक आहे. (शेजारणींना तू "ती दोऱ्या तोडते" असं सांगतेस, तेही कानावर आलंय.) माझ्या खोलीत तीन उपकरणं आहेत. एक पट्ट्याला ताण देऊन धरतं, दुसरं तो किती लांबला ते मोजतं, तिसरं खोलीतली हवा किती गरम, किती दमट ते सांगतं. पूर्वी मी चष्मा पुसून आकडे स्वतः वाचायची, आणि खरं सांगू, तेव्हा त्या यंत्रांशी माझं बरं चाललं होतं. आता कॉम्प्युटर मिनिटामिनिटाला तिघांना विचारतो आणि उत्तरं टिपून घेतो. तिघांच्या वायरी एका काळ्या डबीत जातात, डबीतून एक वायर कॉम्प्युटरला. लांबची चाचणी दिवसरात्र चालते आणि मध्ये एकदा जरी उत्तर चुकलं तरी पट्टा बदलून पहिल्यापासून सुरू. साहेबांनी बजावून ठेवलंय, नव्या पट्ट्याची चाचणी एकदा अखंड पार पडू दे, मग खुशाल बहिणीकडे जा. ती काही पार पडत नाही.

गंमत अशी की मी समोर बसले की तिघं शहाण्या मुलांसारखी पटापट उत्तरं देतात. पाठ वळली की मौनव्रत. चहाला जाऊन यावं, तर पडद्यावर लाल अक्षरं: उपकरण सापडत नाही. अगं, उपकरण डोळ्यांसमोर आहे, दिवे लागलेले आहेत, पट्टा ताणून उभा आहे, आणि ह्याला सापडत नाही! (भावोजींना कपाटातला टॉवेल सापडत नाही, अगदी तसं.) मी खुर्चीत बसून पुन्हा सुरू केलं की तिघं लगेच सापडतात. सकाळी येऊन बघावं तर रात्रीची चाचणी मी घरी गेल्या गेल्याच बंद पडलेली.

वायरी बघायला एक गृहस्थ येतात, त्यांना आम्ही वायरबुवा म्हणतो. बुवा येतात तेव्हा मी त्यांना घेऊन खोलीत जाते, सगळं बोलून दाखवते, आणि यंत्रं बुवांसमोर अशी वागतात की मलाच खोटं पाडतात. बुवांनी वायरी बदलल्या. डबीवरचा हिरवा दिवा बघून "हिची तब्येत छान आहे" म्हणाले. मग त्यांची नजर तू विणलेल्या स्वेटरवर गेली. लोकरीतून वीज उडते म्हणे! मी आठवडाभर स्वेटर काढून कुडकुडत बसले. यंत्रं बोलली नाहीत, मला मात्र खोकला झाला. पलीकडच्या खोलीत रसायनं तपासणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना काचवाल्या बाई म्हणतात. त्या रोज दारात उभ्या राहून सांगतात, "आमच्याकडे बघा, कधी काही होत नाही." होईल कसं? त्यांच्या खोलीत माणूस नसताना दिवे, पंखा, सगळं दिवसभर जळत असतं. आपल्या वसतिगृहाच्या मदरच्या हाताखाली एक दिवस टिकल्या नसत्या. आठवतं ना, वसतिगृहातून बाहेर पडताना तू तळहात असा वरून खाली फिरवायचीस की भिंतीवरची सगळी बटणं एका दमात बंद? मी विसरले तर जिना चढून परत यायचीस, माझ्या वाटणीची बटणं बंद करायचीस आणि मदरला कळू द्यायची नाहीस. ती तुझी पावलं मला अजून ऐकू येतात.

थांब, पाणी पिऊन येते.

आले. पुन्हा लाल अक्षरं. एक पेला पाणी प्यायला उठले, ताई, एक पेला! पुन्हा नवा पट्टा. आता पत्र पुढे लिहायचं त्राणही नाही, तरी लिहिते.

तर परवा दाढ दुखली म्हणून मी आलेच नाही. काचवाल्या बाईंनी माझी खोली उघडून चाचणी लावून दिली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आकडे ओळीने हजर, एकही उत्तर चुकलेलं नाही! आता कार्यालयभर एकच चर्चा, की यंत्राला बाई सोसत नाहीत. वायरबुवा विचारतात, "अंगात लोहचुंबक आहे का हो?" साहेबांनी ती एक चाचणी धरली नाही, म्हणाले, योगायोग असेल, पुन्हा करा. पुन्हा केली. मी होते. बंद पडली. आत्ताच साहेब येऊन गेले आणि फार हळुवारपणे म्हणाले, "बाई, तुम्ही रजेवर जाच. प्रयोगशाळेच्या हिताचं आहे." इतकी वर्षं इथे काढली आणि माझ्या जाण्याने कुणाचं तरी भलं होणार हे असं कळलं. रडावं की बॅग भरावी? बॅग भरते. उद्या संध्याकाळी पोचेन. हे पत्र मीच हातात देईन, कारण तोंडाने सांगताना मला हुंदका येईल आणि तुझ्या डोळ्याला पाणी चालायचं नाही.

तुझीच,
दोऱ्या तोडणारी

ता. क. निघाले होते. बटणांवरून हात फिरवला, दार ओढलं, आणि आठवलं की पत्र टेबलावरच राहिलं. एवढ्यासाठी दिवा कशाला लावायचा म्हणून अंधारातच आत गेले. तिन्ही यंत्रांचे दिवे लुकलुकत होते. डबीचा हिरवा दिवा विझलेला. तिची वायर चाचपत मागे मागे गेले, तेव्हा उलगडलं. टेबलाखाली प्लग शिल्लक नव्हता म्हणून बुवांनी डबीची वीज कपाटामागून दाराजवळच्या प्लगला आणलेली, आणि त्याचं बटण दिव्या-पंख्याच्या रांगेत सगळ्यात खाली! मी बाहेर जाताना बंद करते, आत येताना सगळी एकदम लावते. म्हणजे यंत्राचं तोंड रोज मीच दाबत होते, आणि हात फिरवायला शिकवलं कुणी? तू.

ता. क. २. बटण चालू करून वर चिकटपट्टी लावली आहे, चाचणी नव्याने सुरू केली आहे. साहेबांना परत आल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर "मग आता राहाच" म्हणतील. तोवर पांढऱ्या पायाची म्हणोत. तू मात्र भावोजींना यातलं अक्षर सांगू नकोस. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतील.

ता. क. ३. ऑपरेशननंतर तुझ्या खोलीतून मी कितीदाही बाहेर गेले तरी दिवा चालूच ठेवीन. तू उठून बंद करायला जाऊ नकोस. डोळ्यावर पट्टी असेल.